बायकोपणाची भूक: मानवतची रुक्मिणी, बाइंडरची लक्ष्मी

‘मानवत मर्डर्स’ पाहणारे बहुतेक जण ती तपासाच्या बाजूनं पाहतात, आणि मालिकेची बांधणीही तशीच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सोनी लिव्हवर आलेल्या या आठ भागांत मुंबईहून आलेले रमाकांत कुलकर्णी गावातल्या खुनांचा गुंता एकेक धागा ओढत सोडवतात. कुलकर्णी हे नामांकित पोलीस अधिकारी. त्यांच्याच ‘फूटप्रिंट्स ऑन द सँड ऑफ क्राइम’ या पुस्तकावरून गिरीश जोशी यांनी ही मालिका लिहिली, आशिष बेंडे यांनी दिग्दर्शित केली आणि आशुतोष गोवारीकर यांनी कुलकर्णी रंगवले. मला मात्र धरून ठेवलं ते तपासाच्या पलीकडं उभ्या असलेल्या एका जोडीनं. मकरंद अनासपुरे यांचा उत्तमराव बारहाते आणि सोनाली कुलकर्णी यांची रुक्मिणी. तो मानवतमधला पैसेवाला, गावात वजन असलेला माणूस. ती त्याच्याशी जोडलेली, पण लग्नाची नसलेली बाई. अशा बाईला गाव काय म्हणतं हे परभणीकडच्या कुणालाही सांगायला नको.

मानवत हे परभणी जिल्ह्यातलं कापसाच्या बाजारपेठेचं गाव. नोव्हेंबर १९७२ पासून १९७४ च्या सुरुवातीपर्यंत तिथं एकामागून एक बाया आणि लहान मुली मारल्या गेल्या. ते दुष्काळाचं वर्ष. त्याच १९७२ च्या मे महिन्यात परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ उभं राहिलं होतं. तिथून थोड्याच अंतरावर, वाड्यातल्या पिंपळाखालचं धन हाती लागावं आणि रुक्मिणीची कूस उजवावी यासाठी रक्त मागितलं गेलं, अशी फिर्यादी पक्षाची कहाणी होती. मालिका तीच कहाणी धरून चालते. प्रत्यक्षात उत्तमराव आणि रुक्मिणी दोघेही पुढं वरच्या न्यायालयात सुटले. म्हणून इथून पुढं मी जे म्हणणार आहे ते पडद्यावरच्या दोन पात्रांबद्दल आहे, त्या नावांच्या माणसांबद्दल नाही. आणि ज्या घरांतल्या लेकी गेल्या, त्या घरांसाठी ही गोष्ट मालिका कधीच नव्हती, याचं भान ठेवूनच ती पाहावी लागते.

पडद्यावरची रुक्मिणी मूल मागते. तिच्या या मागणीकडं अंधश्रद्धेचा नमुना म्हणून पाहिलं की विषय संपतो. मुंज्या, मांत्रिक, पिंपळ, पौर्णिमा-अमावास्या यांच्या गर्दीत ते मूल दिसेनासं होतं. मला वाटतं, मालिकेतलं सगळ्यात खरं दुखणं त्या मुलाच्या मागणीत आहे. रुक्मिणीकडं पैसा आहे, दारूच्या धंद्यातून आलेली हिंमत आहे, गावातल्या बाकी बायकांना नसलेला दरारा आहे. नाही ती फक्त जागा. तिचं उत्तमरावाजवळ असणं हे आज आहे तोवर आहे. तो उद्या उठून दुसरीकडं गेला तर तिला कुणाच्या दारात न्याय मागता येणार नाही, भावकी बसवता येणार नाही, माहेरची चार माणसं घेऊन जाब विचारता येणार नाही. मूल झालं तर मात्र त्याच्या रक्तावर तिचा काही हक्क तयार होतो. अशा नात्यात पुरुष ‘आपण एकमेकांचे आहोत’ असं कितीही म्हणाला, तरी ते बोलणं सोडून तिच्या हाती काही नसतं. त्या बोलण्याची खूण तिला स्वतःच्या अंगावर हवी आहे.

आणि त्याच्या बाजूनं? अनासपुरे यांना आपण वर्षानुवर्षं हसण्यासाठी पाहत आलो. त्यांच्या बोलण्यातला मराठवाडी सूर कानावर पडला की ओठ आपोआप हलायला लागतात. इथं तोच ओळखीचा सूर आहे, आणि हसू येत नाही. दिग्दर्शकाची ही निवड मला फार मोलाची वाटली. सरळसोट खलनायकी चेहरा दिला असता तर रुक्मिणी त्याच्यापाशी का टिकली हेच कळलं नसतं. हा उत्तमराव घरातला वाटतो, बैठकीतला वाटतो. त्याचं आणि तिचं नातं लोभावर, देहावर, भीतीवर आणि एकमेकांबद्दलच्या माहितीवर उभं आहे. नवरा-बायकोला साताजन्माची शपथ असते. या दोघांना एकमेकांचं गुपित आहे. गुन्ह्यातली भागी हाच त्यांचा लग्नाचा कागद. तो फाडायचा तर दोघांनाही फासावर जावं लागेल, म्हणून तो टिकतो. अशा टिकण्याला निष्ठा म्हणायचं का, हा प्रश्न मालिका आपल्यापुढं टाकते आणि स्वतः मात्र पुढच्या पुराव्याकडं निघून जाते.

इथंच ती मला अपुरी वाटते. सोनाली कुलकर्णी यांच्या अभिनयात रुक्मिणीचं आतलं माणूस सतत दाराशी येऊन उभं राहतं, पण कथेचा डोळा पोलिसांचा असल्यामुळं दार उघडत नाही. आपण तिला बाहेरून पाहतो, जशी ती चौकशीच्या खोलीत दिसेल तशी. सई ताम्हणकर यांची समिंद्री, म्हणजे तिची बहीण, हिच्याबाबतीतही तेच. या बायकांनी एकमेकींना काय दिलं, एकमेकींकडून काय घेतलं, याची किलकिली फट दिसते आणि मिटते. त्या फटीतून आत जायचं तर मला पन्नास वर्षं मागं, एका नाटकाकडं जावं लागतं. योग असा की ते नाटकही १९७२ चंच.

मानवतचा पहिला खून व्हायच्या काही महिने आधी, मार्च १९७२ मध्ये, विजय तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’ मुंबईच्या रंगभूमीवर आलं. कमलाकर सारंग दिग्दर्शक, निळू फुले सखाराम, कुसुम कुलकर्णी लक्ष्मी, लालन सारंग चंपा. थोड्याच प्रयोगांनंतर परिनिरीक्षण मंडळानं ते अडवलं, सारंग उच्च न्यायालयात गेले, जिंकले, आणि त्या सगळ्या लढाईवर त्यांनी पुढं ‘बाइंडरचे दिवस’ लिहिलं. त्या वादात इथं मला रमायचं नाही. एवढंच म्हणतो की लोक ज्यावर भडकले ते बायांचं बोलणं, दारू, साडी बदलण्याचा प्रसंग. नाटकात एका बाईचा गळा दाबला जातो, त्यावर तितकं कुणी भडकल्याचं मला वाचल्याचं आठवत नाही.

सखाराम एका छापखान्यात बाइंडर आहे. गाव लहान, कौलारू घर, दोनच खोल्या. तेंडुलकरांनी गावाचं नाव ठरवलं नाही, त्यामुळं ते सेलू असू शकतं, पूर्णा असू शकतं, जिंतूर असू शकतं. ज्या बायांना नवऱ्यांनी टाकलं आहे त्यांना हा माणूस घरी आणतो. लक्ष्मी ही अशी सातवी. उंबरठा ओलांडताच तो तिला घराचे नियम सांगतो: दोन वेळचं जेवण, सुरुवातीला दोन लुगडी, पुढं वर्षाला एक, परक्यांपुढं पदर डोक्यावर, घरातली सगळी कामं आणि त्याची इच्छा होईल तेव्हा शेज. दोघांपैकी कुणालाही नको झालं तर मोकळं व्हायचं. जाताना साडी, पन्नास रुपये आणि जिथं जायचं तिथलं तिकीट तो देणार. हे सांगताना त्याला स्वतःचा अभिमान आहे. आपण नवरा नाही, हीच त्याची फुशारकी. नवरे बायकांना फसवतात, आपण फसवत नाही, सगळं उघड सांगून करतो, हे त्याचं तत्त्वज्ञान. लहानपणी बापाच्या मारापायी घरातून पळालेल्या, देवाधर्माला आणि जातीला शिव्या देणाऱ्या या ब्राह्मणाच्या पोराला आपण लग्नसंस्थेच्या पुढं गेलो आहोत असं मनापासून वाटतं.

तेंडुलकरांची थोरवी ही की ते त्याला खोटं पाडायची घाई करत नाहीत. सखारामचं म्हणणं अर्धं खरं आहे. लक्ष्मीला मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं टाकलं. चंपाच्या नवऱ्यानं, म्हणजे बडतर्फ फौजदार शिंद्यानं, तिला वयात येण्याआधी आईकडून जवळजवळ विकत घेतलं आणि पुढं जे हाल केले ते ऐकताना प्रेक्षागृहात कुणी हलत नसे. लग्नाच्या नात्यानं या दोघींना जे दिलं ते पाहता सखारामच्या घरचा कौल बरा वाटायला लागतो. तिथं निदान पोट भरतं आणि निघून जायची मोकळीक आहे. नाटकाचा पहिला दगा लग्नानं केलेला आहे. तो पडदा उघडण्याआधी होऊन गेलेला आहे, आणि त्यामुळंच त्याच्याबद्दल नाटकात कुणी आरडाओरडा करत नाही.

आता या करारातल्या एका गोष्टीकडं नीट पाहावं. बाईनं दुसऱ्या पुरुषाकडं पाहायचं नाही असं सखाराम बजावतो, पण नवरा नसलेल्याला ते बजावण्याचा अधिकार कुठून येतो? जिथं कुणी कुणाचं नाही असा बोर्ड दाराला लावला आहे, तिथं व्यभिचार हा गुन्हाच होऊ शकत नाही. सखाराम नवरा नसल्याचा दावा करतो आणि नवऱ्याचे सगळे हक्क राखून ठेवतो. मारायचा हक्क, हाकलायचा हक्क, संशय घ्यायचा हक्क. जबाबदारी तेवढी सोडून देतो. पुढं जो रक्तपात होतो त्याचं बी या पहिल्या प्रवेशातल्या भाषणात आहे, आणि गंमत वाटावी इतक्या हलक्या हातानं ते पेरलं आहे.

लक्ष्मी हे सगळं खाली मान घालून ऐकते आणि कबूल करते. पण ती त्या कराराप्रमाणं वागत नाही. ती या घरात संसार मांडते. मुंगळ्याशी बोलते, त्याला साखर घालते, दटावते, हसते. तो एकटेपणातला संवाद सखाराम ऐकतो आणि आत कुणी माणूस आहे की काय म्हणून चमकतो. संशयाची ही पहिली झुळूक एका मुंगळ्यावरून येते. आणि मग रात्रीचा तो प्रवेश. तिचा पाय निखाऱ्यांनी भाजला आहे, दुखतो आहे, आणि तो अंधारात तिला हुकूम करतो की मुंगळ्यापाशी हसलीस तशी हस. ती रडत रडत हसते. मराठी नाटकात यापेक्षा भेसूर प्रणयप्रसंग मी वाचलेला नाही. सखारामला तिचा देह मिळतो, ते तर करारात होतंच. त्याला तिचं हसू हवं आहे, जे करारात नव्हतं. दुसऱ्या कुणाला, मग तो कीटक का असेना, ते मिळालं हे त्याला सोसत नाही. प्रेमाची गरज त्याला जाणवते आणि ती वसूल करायची एकच रीत त्याला माहीत आहे.

मुंगळ्याशी बोलणाऱ्या लक्ष्मीपाशी आलं की परभणीच्या वाचकाला गंगाखेडच्या जनाबाईची आठवण होणारच. गोदाकाठच्या गंगाखेडची ही पोर पंढरपूरला नामदेवांच्या घरी दासी म्हणून वाढली, लग्नाशिवाय राहिली आणि विठ्ठलाशी तिनं जे नातं बांधलं त्याला आपल्या समाजानं कधी नाव ठेवलं नाही. लग्नाबाहेरची निष्ठा आपल्याला चालते, पुरुष देव असला म्हणजे. पण जनाबाईच्या त्या नात्यात एक विलक्षण गोष्ट आहे. तिथं विठ्ठल जात्यावर बसतो, तिच्या कामाला हात लावतो, तिचं दुखणंखुपणं पाहतो. ज्याच्यावर जीव लावला तो कष्टातही वाटेकरी होतो. लक्ष्मीलाही असाच कुणीतरी हवा आहे. तिच्याजवळ भक्ती भरपूर आहे, ती ठेवायला जागा नाही. ती ती भक्ती मुंगळ्यावर ठेवते, कावळ्यावर ठेवते, गणपतीवर ठेवते, आणि शेवटी सखारामवर. तो जात्यावर बसणारा नाही.

तरीही तिच्या असण्यानं घर बदलतं. सखाराम वेळेवर अंघोळ करू लागतो, पूजा करू लागतो. त्याचा मित्र दाऊद हे पाहून चकित होतो. मग गणपती येतो. आरतीला दाऊद उभा राहतो आणि लक्ष्मी त्याला अडवते, मुसलमानानं आरती म्हणायची नाही म्हणून. सखाराम तिला बेदम मारतो. हा प्रसंग वाचताना मन दोन बाजूंना ओढलं जातं. मित्रासाठी, माणुसकीसाठी उभा राहिलेला सखाराम बरोबर आहे. आणि त्याचा पट्टा एका निराधार बाईच्या पाठीवर पडतो आहे. पुढं लक्ष्मी निघून जाते, अमळनेरला पुतण्याकडं. करार पाळला जातो, दोघं मोकळे होतात. पण गेलेल्या सहांपैकी कुणाबद्दल न बोललेलं तो दाऊदपाशी बोलून जातो: ही जाताना काहीतरी मागं ठेवून गेली. माया ही त्याच्या कराराची कलमं मोडून आत शिरलेली पहिली गोष्ट आहे.

चंपा येते ती अगदी उलट्या स्वभावाची. तिला चहा करता येत नाही, पदर सांभाळायची फिकीर नाही, बोलायला तोंड उघडलं की सखारामही गप्प. लक्ष्मीनं करार मान खाली घालून ऐकला, चंपा तो ऐकतच नाही. पण शेजेचा प्रश्न आला तेव्हा तीच सगळ्यात आधी नकार देते. आपण तसल्या बाई नाही म्हणते. घराबाहेर काढायची धमकी मिळाल्यावर दारू मागते आणि मगच स्वतःला त्याच्या हवाली करते. लालन सारंग यांच्या चंपाची चर्चा बेधडकपणासाठी झाली. वाचताना मला तिच्या त्या दारूच्या मागणीत फार मोठी सचोटी दिसते. ती देह देते, पण शुद्धीवर राहून देत नाही. जे मन नाही ते असल्याचा देखावा ती करत नाही. नाटकात खोटं न बोलणारं हे एकच पात्र आहे, आणि बदफैली म्हणून मारलं जाणारंही तेच.

मग लक्ष्मी परत येते. पुतण्याकडं चोरीचा आळ आला, घराबाहेर काढली. सखाराम तिला झोडपून हाकलायला निघतो, आणि चंपा मध्ये पडते. राहू दे म्हणते. लक्ष्मीला सांगते, तू घर सांभाळ, मी ह्याला सांभाळते. कामाची ही वाटणी ऐकायला रोखठोक व्यवहाराची आहे. पण थांबून पाहिलं तर संपूर्ण नाटकात एका माणसानं दुसऱ्याला काही न मागता दिलेला आधार हा एवढाच. एक टाकलेली बाई दुसऱ्या टाकलेल्या बाईला छप्पर देते. त्या घरात निष्ठेचा एकच खरा धागा निर्माण होतो, तो या दोघींमध्ये, आणि त्याला आपल्या भाषेत, कायद्यात, धर्मात कुठंच नाव नाही. टाकलेल्या बायकांनी एकत्र येऊन आपल्या हक्कांसाठी परिषद भरवली ती १९८८ साली, संगमनेरला. लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या बाईला कायद्यानं संरक्षण दिलं ते २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्यात. १९७२ मध्ये या दोघींना एकमेकींशिवाय कुणी नव्हतं.

लक्ष्मी हे नातं पत्करत नाही. कारण तिला सोबत नको आहे, तिला बायको व्हायचं आहे. तिनं सखारामच्या नावानं मंगळसूत्र गळ्यात घातलेलं आहे. त्यानं बांधलेलं नाही, तिनं तिचं घातलेलं. त्याच्या मांडीवर मरण यावं ही तिची इच्छा. एकीकडं ती फौजदार शिंद्याला चोरून खाऊपिऊ घालते, कारण तो चंपाचा लग्नाचा नवरा आहे, आणि नवऱ्याला बडवणारी चंपा तिच्या लेखी पापीण. ज्या लग्नानं तिला स्वतःला कचऱ्यात टाकलं, त्याच लग्नाची ती पहारेकरीण होते. मला नाटकाचं मर्म इथं दिसतं. लक्ष्मी दुष्ट नाही. तिला माणसांच्या जगात एकच जागा सन्मानाची म्हणून शिकवलेली आहे आणि ती जागा तिच्याकडून हिसकावली गेली आहे. ती परत मिळवायला ती काहीही करेल.

रोज रात्री घराघरांत चालणाऱ्या मालिकांनी हाच तिढा फार सोपा करून ठेवला. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ २०१६ ते २०२१ अशी जवळपास साडेचार वर्षं झी मराठीवर चालली. राधिका लग्नाची, म्हणून निष्ठा तिच्याकडं. शनाया बिनलग्नाची, म्हणून दगा तिच्याकडं. आणि नवरा गुरुनाथ मधल्या मध्ये. अनिता दाते यांच्या नागपुरी राधिकेवर लोकांनी जीव लावला तो योग्यच होता, ती बाई स्वतःच्या पायावर उभी राहिली. पण तराजूची पारडी पहिल्या दिवसापासून ठरलेली होती. मंगळसूत्र कुणाच्या गळ्यात यावरून प्रेक्षकानं बाजू घ्यायची. तेंडुलकरांनी मंगळसूत्र घातलं ते लक्ष्मीच्या गळ्यात, आणि मग त्याच गळ्यातून चंपाचा मृत्यू उच्चारायला लावला. बाजू घ्यायला जागाच ठेवली नाही.

लक्ष्मी घरात परत आल्यापासून सखारामचं पुरुषपण हरवतं. ती आत आहे हे ठाऊक असताना त्याला चंपाजवळ जाता येत नाही. चंपा त्याला हिणवते. तो लक्ष्मीला निघ म्हणतो. आणि हाकलली जाण्याच्या त्या क्षणी लक्ष्मी बोलते: चंपाचे दाऊदशी संबंध आहेत. या एका वाक्यात तिनं किती हिशेब चुकते केले ते पाहावं. घरात जागा मागणारी चंपा बाद. आरतीच्या दिवशी ज्याच्यापायी मार खाल्ला तो दाऊद बाद. आणि सखारामला ती जणू सांगते की बघ, निष्ठा कुणाकडं होती. ज्या बाईनं तिला छप्पर दिलं, तिच्याविरुद्ध दिलेली ही साक्ष नाटकातला सगळ्यात मोठा दगा आहे. आणि तो पूर्ण भक्तिभावानं केलेला आहे. सखाराम चंपाचा गळा दाबतो. तो सुन्न होऊन उभा असताना लक्ष्मीच सगळं हाती घेते, त्याला धीर देते, देव आपल्या बाजूनं आहे म्हणते, पुरायला खड्डा खणायला लागते. आता त्या दोघांना एकमेकांपासून कधीच सुटता येणार नाही. लक्ष्मीला तिचं लग्न मिळालं.

इथं मला मानवतची पडद्यावरची रुक्मिणी पुन्हा दिसते. दोघींची पातळी वेगळी, एकीचा दरारा तर दुसरीची दीनवाणी नजर. पण दोघींची कूस रिकामी, दोघी पुरुषाच्या मर्जीवर टेकलेल्या, आणि दोघींना त्या पुरुषाशी कायमचं बांधणारी गाठ गुन्ह्याची. दोन्ही कथांत या गाठीची किंमत तिसरीच कुणीतरी बाई मोजते, जिचा त्या पुरुषाशी किंवा त्या नात्याशी काही वैराचा संबंध नाही. मालिकेनं रुक्मिणीची भूक दाखवली आणि तिला क्रौर्य म्हणून नोंदवलं. तेंडुलकरांनी लक्ष्मीची भूक मुंगळ्याला घातलेल्या साखरेपासून दाखवत आणली. म्हणून लक्ष्मी खड्डा खणते तेव्हा तिचा तिटकारा येतो आणि तिच्याबद्दल पोटात तुटतंही. ‘मानवत मर्डर्स’मध्ये अशी एखादी साखरेची चिमूट असती, रुक्मिणी कुणाची नसताना काय करते हे दाखवणारा एखादा रिकामा दुपारचा प्रवेश असता, तर सोनाली कुलकर्णी यांनी त्याचं सोनं केलं असतं याबद्दल मला शंका नाही.

एक गोष्ट मात्र मालिकेनं नाटकाइतकीच नेमकी पकडली आहे. उत्तमरावाला स्वतःची निष्ठा कधी सिद्ध करावी लागत नाही. रुक्मिणीला मूल देऊन, धन काढून, माणसं जमवून आपली किंमत सतत दाखवत राहावं लागतं. सखारामच्या घरी लक्ष्मीला सेवेतून, चंपाला देहातून हेच करावं लागतं. नाव वेगळं असेल, कागद नसेल, पण परीक्षा देणारी आणि परीक्षा घेणारा यांच्या जागा लग्नात होत्या तिथंच राहतात.

आणि दाऊद. त्याच्याबद्दल समीक्षा फार बोलत नाही. सखारामनं त्याच्यासाठी देवासमोर बाईवर हात उचलला, गावाची पर्वा न करता त्याला घरात बसवलं, चिलीम वाटून ओढली. कराराबाहेर जाऊन सखारामनं आयुष्यात कुणाशी इमान राखलं असेल तर ते दाऊदशी. लक्ष्मीचं म्हणणं खरं धरलं, तर फसवणूक झाली ती या दोस्तीची. चंपानं सखारामला कुठलाही शब्द दिलेला नव्हता, दाऊदची मैत्री हाच शब्द होता. तरी लक्ष्मीच्या तोंडून दोन नावं ऐकल्यावर सखारामचे हात चंपाच्या गळ्याकडं जातात. दाऊदच्या दाराकडं तो एक पाऊलही टाकत नाही. त्याला जाब विचारावा असं त्याच्या मनातही येत नाही, आणि पडदा पडेपर्यंत दाऊदला कुणी काही विचारत नाही.